इटलींतील प्रेक्षणीय स्थळें आणि एक मराठी छत्री

युरोपच्या नकाशावर मुलांना सर्वांत आधीं ओळखतां येणारा देश म्हणजे इटली. भूमध्य समुद्रांत उंच टाचेचा एक बूट सोडून ठेवावा आणि त्याच्या टोकाशीं सिसिली बेटाचा दगड पडलेला असावा, असा त्याचा आकार. इंदापूर तालुक्यांत भूगोल शिकवीत असतां हा देश मला फळ्यावर दुसऱ्यांदा कधीं काढावा लागला नाहीं. त्या वेळचीं मुलें आतां मोठीं झालीं, पुण्यामुंबईस स्थायिक झालीं, आणि सहल-कंपन्यांबरोबर दहा-बारा दिवसांत अर्धा युरोप पाहून येऊं लागलीं. गांवीं आलीं म्हणजे भेटावयास येतात, फोनमधील छायाचित्रें दाखवितात. पिसाच्या कललेल्या मनोऱ्यास हातानें टेकू दिल्याचें छायाचित्र त्यांत हटकून असतें. मी त्यांना एकच प्रश्न विचारतों, "फ्लॉरेन्सला गेलां होतां, तर तेथली आपली छत्री पाहिलीत कां?" उत्तरादाखल बहुधा प्रतिप्रश्न येतो, "कोणती छत्री, गुरुजी?"

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय इटलींतील प्रेक्षणीय स्थळें हा आहे. जीं स्थळें सारें जग पाहतें, तीं आधीं सांगतों; कारण तीं पाहण्यासारखीं आहेत, एवढेंच नव्हे, तर तीं कशीं उभीं राहिलीं हें कळल्यास पाहण्याचा आनंद दुप्पट होतो. मग जीं स्थळें सहलीच्या पत्रकांत सांपडत नाहींत, परंतु ज्यांच्याशीं महाराष्ट्राचें नातें आहे, त्यांच्याकडे वळूं.

प्रारंभ रोमपासून करूं. रोममधील पहिला मान कलोसियम या प्रचंड क्रीडागृहाचा. व्हेस्पेशियन बादशहानें इ. स. ७२ च्या सुमारास त्याचें काम सुरू केलें आणि त्याचा मुलगा टायटस यानें इ. स. ८० मध्यें तें लोकांस खुलें केलें. सुमारें पन्नास हजार माणसें त्यांत बसत. तळमजल्यावर ऐंशी कमानी असून त्यांतील बहुतेकांवर आंकडे कोरलेले होते. प्रेक्षकानें आपल्या आंकड्याच्या दारानें शिरावें व त्याच दारानें बाहेर पडावें, अशी ही व्यवस्था. आजच्या क्रीडांगणांत हीच पद्धत चालते. मात्र या सुंदर इमारतींत जो खेळ होई तो माणसांच्या व जनावरांच्या मरणाचा होता, हेंही तेथें उभें असतां विसरूं नये. इमारतीचा एक मोठा भाग आज नाहीं. भूकंपांनीं तो पडला, आणि पडलेला दगड शतकानुशतकें लोकांनीं वाडे व देवळें बांधण्यास नेला. आपल्याकडे पडक्या गढीचे दगड गांवांतल्या घरांच्या जोत्यांत सांपडतात, तसाच हा प्रकार.

कलोसियमपेक्षां मला स्वतःला पँथिऑनचें कौतुक अधिक. हेड्रियन बादशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १२६ च्या सुमारास पूर्ण झालेलें हें देवालय आजही छपरासह उभें आहे. त्याच्या घुमटाचा व्यास सुमारें १४२ फूट, आणि जमिनीपासून घुमटाच्या माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे एक पूर्ण गोल चेंडू त्यांत बरोबर मावेल. आपल्यापैकीं ज्यांनीं विजापूरचा गोल घुमट पाहिला असेल त्यांना या आकाराची कल्पना चटकन् येईल. त्याचा आंतील व्यास सुमारें १२४ फूट आहे, आणि तो पँथिऑननंतर पंधराशें वर्षांनीं बांधला गेला. रोमन गवंड्यांनीं लोखंडाची एकही सळई न घालतां केवळ चुन्याच्या काँक्रीटवर हा घुमट तोलून धरला. त्यांची युक्ति अशी कीं, खालच्या थरांत जड दगडाची खडी घालावयाची आणि वर वर जातांना ती हलकी करीत न्यावयाची. अगदीं माथ्याजवळ ज्वालामुखीचा सच्छिद्र, हलका दगड वापरलेला आहे. मधोमध सत्तावीस फुटांचें मोकळें भोंक आहे. ऊन त्यांतून येतें, तसा पाऊसही येतो, आणि पाणी जाण्यासाठीं खालच्या फरसबंदींत बारीक छिद्रें ठेवलेलीं आहेत.

रोम शहराच्या आंतच व्हॅटिकन हें स्वतंत्र राज्य आहे. १९२९ सालच्या तहानें तें अस्तित्वांत आलें. त्याचें क्षेत्रफळ अवघें ४४ हेक्टर, म्हणजे आमच्या शेळगांवच्या शिवारांत अशीं कित्येक राज्यें मावतील. परंतु त्या एवढ्याशा जागेंत सेंट पीटरचें महामंदिर आहे, आणि सिस्टीन नांवाच्या प्रार्थनागृहाचें तें छत आहे, जें मायकेलअँजेलोनें १५०८ ते १५१२ या चार वर्षांत रंगविलें. ओल्या गिलाव्यावर, तो सुकण्याच्या आंत, रंग भरावयाचा, अशी ही पद्धत. एकदां चुकलें कीं गिलावा खरवडून काढण्यावांचून गत्यंतर नाहीं. रोज जेवढें रंगविणें शक्य असेल तेवढाच गिलावा सकाळीं चढविला जाई.

रोमच्या दक्षिणेस नेपल्सजवळ पाँपेई हें गाडलें गेलेलें शहर आहे. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हिअस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि राखेच्या व दगडांच्या वर्षावाखालीं तें शहर माणसांसकट झांकलें गेलें. पुढें शरीरें झिजून गेलीं, परंतु घट्ट झालेल्या राखेंत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या तशाच राहिल्या. १८६३ सालीं जुझेप्पे फिओरेल्ली या संशोधकानें त्या पोकळ्यांत पातळ प्लॅस्टर ओतून त्यांचे ठसे काढले. तोंडावर हात घेतलेला मनुष्य, साखळीला बांधलेला कुत्रा, असे ते ठसे पाहतांना इतिहास हा शब्द फार कोरडा वाटूं लागतो. आम्हां इंदापूरकरांना गाडलेल्या गांवाची कल्पना नवी नाहीं. भीमेवर उजनीचें धरण झालें तेव्हां कितीतरी गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि पळसदेवचें जुनें देऊळ आजही एखाद्या कोरड्या उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं शिखरासह वर येतें. फरक इतकाच कीं, आमचीं माणसें वेळेवर उठून दुसरीकडे गेलीं. पाँपेईच्या माणसांना तेवढी सवड मिळाली नाहीं.

उत्तरेकडे जातांना व्हेनिस लागतें. शंभराहून अधिक बेटांवर वसलेलें आणि चारशेंच्या आसपास पुलांनीं जोडलेलें हें शहर. रस्त्याच्या जागीं कालवे, आणि मोटारीच्या जागीं होड्या. पाण्यांत घरें उभीं कशीं राहिलीं, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनांत येतो. उत्तर असें कीं, खालच्या चिखलांत लाकडाचे लक्षावधि खुंट जवळ जवळ ठोकून त्यांवर फळ्या व दगड यांचा पाया घातलेला आहे. लाकूड पाण्यांत कुजतें हें खरें. परंतु जेथें हवा पोंचत नाहीं तेथें कुजविणारे जीव वाढत नाहींत. विहिरीच्या गाळांत वर्षानुवर्षें पुरलेलें लाकूड घट्ट निघतें, तें याच कारणानें. व्हेनिसचें आजचें संकट पायाचें नसून वर येणाऱ्या समुद्राचें आणि येणाऱ्या गर्दीचें आहे. समुद्राच्या भरतीस अडविण्यासाठीं बांधलेले उचलते दरवाजे २०२० च्या ऑक्टोबरांत प्रथम वापरले गेले. गर्दीस आवर घालण्यासाठीं २०२४ पासून ठराविक दिवशीं केवळ दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांकडून प्रवेशकर घेण्यास सुरुवात झाली. जुन्या शहरांत कायम राहणाऱ्यांची संख्या २०२२ सालीं पन्नास हजारांच्या खालीं उतरली. पाहुण्यांनीं घर इतकें भरावें कीं घरच्यांस राहण्यास जागा उरूं नये, असें हें झालें आहे. म्हणून तेथें जाणारानें पाहुण्याच्या मर्यादेनें वागावें.

आतां पिसाचा मनोरा. ज्याला हात लावल्याचें छायाचित्र सर्वांजवळ असतें, त्याची हकीकत मात्र थोड्यांजवळ असते. ११७३ सालीं त्याचें काम सुरू झालें. पाया जेमतेम दहा फूट खोल, आणि खालची जमीन मऊ चिकणमाती व वाळूची. तीन मजले होतांच तो कलूं लागला. पुढें युद्धें सुरू झालीं आणि जवळ जवळ शंभर वर्षें काम बंद पडलें. हें बंद पडणेंच त्याच्या पथ्यावर पडलें. कारण त्या काळांत खालची माती ओझ्यानें दबून घट्ट झाली. काम सलग चाललें असतें तर मनोरा तेव्हांच कोसळला असता, असें या विषयांतील जाणकार सांगतात. पुढच्या गवंड्यांनीं खचलेल्या बाजूचे मजले किंचित् उंच करून तोल सांवरण्याचा प्रयत्न केला, त्यामुळें मनोरा नुसता कललेला नसून थोडा वांकलेलाही आहे. १३७२ च्या सुमारास तो पुरा झाला, तरी कलणें थांबलें नाहीं. १९९० सालीं धोका ओळखून तो प्रवाशांना बंद करण्यांत आला. मग अभियंत्यांनीं काय केलें? खचलेली बाजू वर उचलण्याऐवजीं त्यांनीं दुसऱ्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूच्या पायाखालून थोडी थोडी माती काढून घेतली. ती बाजू अलगद खालीं बसली आणि माथा सुमारें दीड फूट मागें सरला. २००१ च्या डिसेंबरांत मनोरा पुन्हां उघडला. तो सरळ उभा करणें कदाचित् शक्य होतें. परंतु सरळ मनोरा पाहण्यास पिसापर्यंत कोण जाईल?

पिसाहून आर्नो नदीच्या कांठानें वर गेलें कीं फ्लॉरेन्स येतें. इटालियन लोक त्यास फिरेंझे म्हणतात. एका मध्यम आकाराच्या शहरानें जगाच्या कलेस इतकें दिलें, याचें दुसरें उदाहरण सांपडणें कठीण. तेथील मुख्य मंदिराचा लाल घुमट ब्रुनेल्लेस्की नांवाच्या सोनारकाम शिकलेल्या कारागिरानें १४२० ते १४३६ या काळांत उभारला. एवढी रुंद पोकळी झांकावयाची तर खालून लाकडी सांगाडा द्यावा लागतो, पण तेवढें लाकूड मिळणें अशक्य होतें. त्यानें दोन पाखांचा, एकांत एक असा घुमट योजिला आणि विटा माशाच्या कांट्यासारख्या तिरप्या रचून प्रत्येक थर आपणच आपल्याला सांवरील असें केलें. याच शहरांत मायकेलअँजेलोचा सतरा फूट उंचीचा डेव्हिडचा पुतळा आहे. उफ्फीत्सी या चित्रसंग्रहालयांत बोत्तिचेल्लीचें 'प्रिमावेरा', म्हणजे वसंत ऋतूचें, चित्र आहे. या चित्राकडे मी पुन्हां येणार आहें.

बहुतेक सहली घुमट, पुतळा, संग्रहालय आणि सोनारांच्या दुकानांचा जुना पूल एवढें पाहून संध्याकाळीं पुढें निघतात. शहराच्या पश्चिमेस आर्नोच्या उजव्या कांठानें कास्चीने नांवाचें लांबच लांब उद्यान पसरलेलें आहे. त्याच्या अगदीं टोकाला, जेथें मुन्योने नांवाची लहान नदी आर्नोस मिळते, तेथें एक छत्री आहे. छत्रीखालीं एका तरुणाचा अर्धपुतळा आहे. डोक्यास फेटा, गळ्यांत अलंकार, चेहरा सांवळा रंगविलेला. हे करवीरचे छत्रपति राजाराम महाराज.

या नांवानें घोटाळा होण्याचा संभव आहे, म्हणून स्पष्ट सांगतों. हे शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम महाराज नव्हेत, किंवा राजर्षि शाहू महाराजांचे पुत्रही नव्हेत. हे १८६६ सालीं कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले राजाराम महाराज. कोल्हापूरचें राजाराम कॉलेज यांच्याच नांवाचें. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या या तरुण राजानें १८७० सालीं विलायतेची यात्रा केली. समुद्र ओलांडणें म्हणजे धर्म बुडविणें, असें मानणाऱ्यांचा तो काळ. त्या काळीं एका हिंदु संस्थानिकानें हें धाडस करणें लहानसहान नव्हतें. इंग्लंडांत त्यांनीं राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, पार्लमेंट पाहिलें, संस्था व कारखाने पाहिले, आणि रोजच्या रोज इंग्रजींत रोजनिशी लिहिली. ती रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर, १८७२ सालीं, त्यांच्याबरोबर गेलेले अधिकारी कॅप्टन वेस्ट यांनीं लंडनांत छापविली.

कारण परतीच्या वाटेवर महाराजांची प्रकृति बिघडली. फ्लॉरेन्सला पोंचल्यावर ३० नोव्हेंबर १८७० रोजीं त्यांचें निधन झालें. वय अवघें विशीचें.

आतां प्रश्न उभा राहिला तो अंत्यसंस्काराचा. बरोबरची मंडळी हिंदु रीतीप्रमाणें दहन करूं इच्छीत होती. ख्रिस्ती इटलींत त्या काळीं प्रेताचें दहन करण्याची चाल नव्हती. लोकांच्या दृष्टीनें ती अघोरी गोष्ट होती. फ्लॉरेन्स हें त्या वेळीं इटलीच्या नव्या राज्याची राजधानी होतें. दोनच महिन्यांपूर्वीं, २० सप्टेंबरला, इटालियन सैन्य रोममध्यें शिरलें होतें, परंतु राजधानी अजून हलली नव्हती. त्यामुळें ब्रिटिश वकील तेथेंच होता आणि परवानगीचें काम लवकर झालें. नगराधिकाऱ्यांनीं खास बाब म्हणून मान्यता दिली आणि दोन नद्यांच्या संगमावर, शहरापासून दूर, रात्रीच्या वेळीं महाराजांची चिता पेटली.

संगमच कां, हें आपल्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाहीं. आमच्याच तालुक्यांत नीरा आणि भीमा यांच्या संगमावर नीरा-नरसिंहपूर आहे. तेथें जाऊन आलेला माणूस आर्नो-मुन्योनेच्या संगमाचें वर्णन वाचतो तेव्हां त्याला परक्या मुलुखांत आपल्या माणसांनीं काय शोधलें असेल, हें आपोआप कळतें. गंगा नव्हती, पंचगंगा नव्हती. निदान दोन नद्या जेथें एक होतात अशी जागा तरी मिळाली.

पुढें १८७४ सालीं त्या जागीं स्मारक उभें राहिलें. अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुल्लर या फ्लॉरेन्समध्यें राहणाऱ्या इंग्रज शिल्पकारानें घडविला. छत्रीची रचना मेजर मँट या वास्तुकारानें केली. हे मँटसाहेब आपल्याला अपरिचित नाहींत; कोल्हापूरचा नवा राजवाडा त्यांच्याच आराखड्याचा, आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच. चौथऱ्याच्या चार बाजूंस निरनिराळ्या भाषांत लेख कोरलेले आहेत. फ्लॉरेन्सच्या लोकांनीं या छत्रीस 'हिंदी माणसाचें स्मारक' असें नांव दिलें. उद्यानाच्या त्या टोकास 'इंदियानो' म्हणतात. एवढेंच नव्हे, १९७८ सालीं जवळच आर्नोवर तारांच्या आधारानें तोललेला जो मोठा पूल खुला झाला, त्याचेंही नांव तेंच पडलें. त्या पुलावरून रोज हजारों मोटारी जातात. ज्या शहरानें डांटे व मायकेलअँजेलो जन्मास घातले किंवा वाढविले, त्या शहरांतील पुलाला एका मराठी राजाची आठवण चिकटलेली असावी, आणि ती मराठी प्रवाशांनाच ठाऊक नसावी, याचें मला वाईट वाटतें.

आणखी एक गोष्ट येथें नमूद करण्यासारखी आहे. या दहनानंतर सहा वर्षांच्या आंत, १८७६ च्या जानेवारींत, मिलान येथें युरोपांतील नव्या पद्धतीचें दहनगृह सुरू झालें. त्यासाठीं इटलींतील डॉक्टर व सुधारक आधींपासूनच खटपट करीत होते. तेव्हां दोहोंचा कार्यकारणसंबंध जोडण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या देशांत १८७० सालीं चितेसाठीं खास परवानगी काढावी लागली, तो देश याबाबत किती लवकर बदलला, हें यावरून दिसतें.

त्या चितेनंतर पाऊणशें वर्षांनीं इटलींत पुन्हां मराठी माणसें आलीं. आतां राजे नव्हेत, तर शेतकऱ्यांचीं पोरें, पलटणीचा गणवेश घातलेलीं. १९४३ ते १९४५ या काळांत दुसऱ्या महायुद्धांत हिंदी सैन्याच्या तुकड्या इटलींत जर्मनांशीं लढल्या. त्यांत पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या.

'प्रिमावेरा' या चित्राची गोष्ट याच लढाईंतली. युद्धांत बाँबफेकीचें भय म्हणून उफ्फीत्सींतील अनमोल चित्रें शहराबाहेरच्या गढ्यांत व वाड्यांत हलविलीं होतीं. १९४४ च्या उन्हाळ्यांत मोंतेगुफोनी नांवाची अशीच एक गढी मराठा पलटणीच्या ताब्यांत आली. एरिक लिंकलेटर हा स्कॉटिश लेखक आणि ब्रिटिश नभोवाणीचा बातमीदार व्हॉन-टॉमस हे तेथें पोंचले, आणि अंधाऱ्या दालनांत भिंतीशीं टेकून ठेवलेलीं चित्रें पाहतां पाहतां समोर बोत्तिचेल्लीचा वसंत उभा आहे हें त्यांच्या ध्यानीं आलें. लढाईचा आवाज अजून जवळ ऐकूं येत होता. त्या चित्रांवर पहारा मराठा जवानांचा बसला. आज उफ्फीत्सींत त्या चित्रासमोर काचेपलीकडे गर्दी लोटते. त्या गर्दींत एखादें मराठी कुटुंब असेल तर आईनें मुलाला हळूच सांगावें कीं, या चित्राला एका उन्हाळ्यांत आपल्या माणसांनीं सांभाळलें होतें.

जवानांपैकीं दोघांचीं नांवें तरी पाठ असावींत. नाईक यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत मशीनगनच्या माऱ्यानें त्यांच्या तुकडींतील सर्व जण पडले किंवा घायाळ झाले. ते एकटेच त्या मशीनगनवर धांवून गेले. बाँब टाकून गन बंद पाडली, एकास गोळी घातली, आणि बंदूक पुन्हां भरण्यास वेळ नव्हता म्हणून दस्त्याच्या तडाख्यांनीं उरलेल्या दोघांस लोळविलें. त्याच क्षणीं लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधि कोठें नाहीं. ज्यांचा ठावठिकाणा उरला नाहीं अशांच्या नांवांत, कॅसिनोच्या स्मारकावर, त्यांचें नांव आहे. २०२३ च्या जुलै महिन्यांत मोंतोने या इटालियन गांवानें त्यांचें स्मारक उभारलें. तें स्मारक सूर्यघटिकेचें आहे, आणि त्यावर अशा अर्थाचें लॅटिन वचन आहे कीं आपण सारे एकाच सूर्याखालीं राहतों. पेरुजियाजवळचें तें लहानसें गांव. तेथील लोकांनीं एका माणगांवकराची आठवण ऐंशी वर्षांनीं धरावी, ही गोष्ट साधी नव्हे.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, तेव्हांच्या अहमदनगर आणि आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतले. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेन्यो नदी ओलांडतांना सुरुंग पेरलेल्या भागांतून त्यांनीं जखमी सोबत्यांना उचलून सुरक्षित जागीं आणलें, पुन्हां एकट्यानें जाऊन शत्रूच्या मशीनगनचीं ठाणीं मोडलीं, आणि मग बांधावर उभें राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत बाकीच्यांना नदीपार येण्याची खूण केली. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. ते जिवंत परतले. त्या भागांत फोर्ली येथें हिंदी सैनिकांचें युद्धस्मशान आहे, आणि ज्यांचें दहन झालें त्यांच्या नांवांचें स्मारकही आहे. १८७० सालीं जी गोष्ट एका राजासाठीं अपवाद म्हणून झाली, ती पाऊणशें वर्षांनीं साध्या शिपायांना हक्कानें मिळाली.

आतां जाणाऱ्यांसाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. उन्हाळ्याच्या भर काळांत, विशेषतः जुलै-ऑगस्टांत, इटलींत ऊन कडक आणि गर्दी बेसुमार असते; एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने बरे. कलोसियम, व्हॅटिकनचीं संग्रहालयें व उफ्फीत्सी यांचीं तिकिटें निघण्यापूर्वींच काढून ठेवावींत. उफ्फीत्सी सोमवारीं बंद असतें, हें दिवस ठरवितांना ध्यानांत घ्यावें. चर्चमध्यें जातांना खांदे व गुडघे झांकलेले असावेत. आपल्या देवळांतही आपण तेवढी मर्यादा पाळतोंच. रोमच्या रस्त्यांवर ठिकठिकाणीं सार्वजनिक नळ असून त्यांचें वाहतें पाणी पिण्यास चांगलें असतें, तेव्हां बाटल्या विकत घेण्याचें कारण नाहीं. कास्चीने उद्यानास जाण्यास फ्लॉरेन्सच्या मुख्य स्टेशनावरून ट्राम आहे; ट्रामचा थांबा उद्यानाच्या अलीकडच्या बाजूस असल्यानें टोकाच्या छत्रीपर्यंत झाडींतून बरेंच चालावें लागतें. चालणें होत नसेल त्यांनीं गाडी करावी. सहल-कंपनीच्या कार्यक्रमांत हें ठिकाण नसेल, तर फ्लॉरेन्समधील खरेदीच्या मोकळ्या वेळांतून दोन तास काढावे.

कांहीं जण विचारतील कीं, एवढे पैसे खर्चून परदेशीं जावयाचें, तर तेथील थोर वस्तु पाहाव्या. आपल्याच माणसांच्या खुणा शोधण्यांत काय अर्थ? शंका योग्य आहे. मायकेलअँजेलोला टाळून छत्री पाहा, असें मी म्हणत नाहीं. परंतु केवळ थोर वस्तु पाहणारा प्रवासी आणि चित्रांचा संग्रह चाळणारा मनुष्य यांत फारसा फरक राहत नाहीं. परक्या देशांत एका ठिकाणीं तरी आपलें नातें लागलें कीं बाकीचा देशही परका वाटेनासा होतो. त्या शहराच्या लोकांनीं कधीं काळीं आपल्या एका तरुणाच्या चितेला जागा दिली, हें ठाऊक असलेला माणूस तेथल्या रस्त्यांवरून निराळ्या पावलांनीं चालतो. तो मोठ्यानें बोलत नाहीं, कचरा टाकीत नाहीं, आणि तेथील लोकांकडे तमाशा म्हणून पाहत नाहीं.

ज्यांचें जाणें घडणार नाहीं, त्यांनीं कोल्हापूरला गेल्यावर नवा राजवाडा व राजाराम कॉलेज पाहतांना या छत्रीची आठवण करावी, आणि माणगांवास गेल्यास यशवंत घाडगे यांच्या पुतळ्यासमोर दोन मिनिटें थांबावें. मुलांना बुटाच्या आकाराचा तो देश दाखवितांना फ्लॉरेन्स, मोंतोने आणि सेन्यो नदी या तीन जागीं पेन्सिलीनें ठिपके द्यावेत. नकाशा लक्षांत राहील, आणि माणसेंही.

इतकें सांगून मी आपली रजा घेतों.